दहा हजार भरले की सुटलो? ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’च्या शिक्षेचा हिशेब

गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका शेजाऱ्याचा मेसेज आला. ‘काल रात्री माजिवड्याला पकडलं. लायसन्स घेतलंय. महाट्रॅफिक अ‍ॅपवर पैसे भरायचा ऑप्शन दिसत नाहीये, कुणाला माहीत आहे का?’ पाठोपाठ उत्तरांची रांग लागली. ‘दहा हजार आहेत, भर आणि मोकळा हो.’ ‘लोकअदालतीची वाट बघ, निम्म्यात होतं.’ ‘कोणी ओळखीचं आहे का बघू?’ आणि अर्थातच हसऱ्या चेहऱ्यांचे आठ-दहा इमोजी.

ऑप्शन दिसत नव्हता, कारण तो नसतोच. मी वकील नाही, पण कोर्टाच्या बातम्या लिहिण्यात बरीच वर्षं गेली. त्यामुळे ग्रुपवर लिहायला घेतलेलं उत्तर लांबत लांबत हा लेख झाला.

चलन निराळं, खटला निराळा

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेलं पुस्तक उशिरा परत केलं, तर काउंटरवर पैसे भरले की विषय संपतो. पण पुस्तकाची पानं फाडून नेली, तर काउंटरवरचा माणूस ‘एवढे द्या आणि जा’ म्हणू शकत नाही. तो अधिकार त्याचा नाहीच.

मोटार वाहन कायद्यातही असेच दोन कप्पे आहेत. हेल्मेट नाही, सीटबेल्ट नाही, अशा गुन्ह्यांत जागेवर किंवा ऑनलाइन रक्कम भरून प्रकरण मिटवता येतं. याला ‘तडजोड शुल्क’ म्हणतात. कोणते गुन्हे असे मिटवता येतात, त्याची यादी कायद्याच्या कलम २०० मध्ये आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम आहे १८५, आणि ते या यादीत नाही. त्यामुळे वाहतूक हवालदार, त्याचा साहेब किंवा लोकअदालतीतली सवलत, यातलं काहीही तिथे चालत नाही. प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यासमोरच जातं आणि तिथे दोषी ठरवणारा निकाल लागला तर त्याला ‘दोषसिद्धी’ म्हणतात. चलन भरणारा माणूस दोषी ठरत नाही. १८५ मध्ये गुन्हा कबूल करणारा ठरतो. पुढे एखाद्या व्हिसाच्या किंवा नोकरीच्या फॉर्मवर ‘तुम्हाला कधी गुन्ह्यात दोषी ठरवलं आहे का?’ असा रकाना आला, की खरं उत्तर ‘हो’ असतं.

राज्याच्या हातात काय आहे, तेही यातून कळतं. कायदा संसदेचा, पण पोलीस, सरकारी वकील आणि तुरुंग राज्याचे. म्हणून खटल्याचं नाव ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक’ असं असतं. संसदेने २०१९ मध्ये वाहतुकीचे दंड वाढवले, तेव्हा महाराष्ट्राने वाढीव तडजोड शुल्क थेट डिसेंबर २०२१ मध्ये लागू केलं. तडजोडीचा दर ठरवणं राज्याच्या हातात असतं म्हणून ते जमलं. १८५ ची शिक्षा संसदेने लिहिलेली आहे. ती मंत्रालयाला कमी करता येत नाही.

३० म्हणजे नक्की किती?

कायदा म्हणतो, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. १०० मिलिलिटर म्हणजे जेमतेम कटिंगचा ग्लास, आणि ३० मिलिग्रॅम म्हणजे त्यात पडलेले मिठाचे थोडे कण. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा ८० आहे. आपली बरीच कडक आहे आणि ‘एकानं काय होतंय’ म्हणणारे नेमके इथेच फसतात.

हिशेब करून बघू. ६० मिलिलिटर व्हिस्कीत, म्हणजे एका लार्जमध्ये, साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ७० किलो वजनाच्या पुरुषाने ती रिकाम्या पोटी घेतली, तर आकडा ४० च्या आसपास जातो. म्हणजे एकाच लार्जमध्ये मर्यादा ओलांडली. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या बाईचा आकडा आणखी वर जातो. शरीर हे अल्कोहोल तासाला साधारण १५ या गतीने संपवतं. काळी कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची आंघोळ यातल्या कशानेही ही गती वाढत नाही.

आता येऊरच्या पार्टीहून परतणाऱ्या माणसाचा हिशेब. रात्री ११ ते १ मध्ये चार लार्ज घेतल्या. एकूण १७० च्या घरात. मित्रांनी शहाणपणाने रिक्षात घालून घरी पाठवलं. सकाळी सातला, आठ तासांनंतर, १२० उतरले तरी ५० उरतात. तो दात घासून, गंध लावून, मुलाला शाळेत सोडायला स्कूटर काढतो. कायद्याच्या दृष्टीने तो दारू पिऊन गाडी चालवतोय. स्कूटर हेही मोटार वाहनच.

‘मशीनच बोगस आहे’ आणि ‘मी फुंकणारच नाही’

फुंकायच्या मशीनचं तत्त्व साधं आहे. रक्तातलं अल्कोहोल फुप्फुसात हवेला भेटतं आणि त्यातलं थोडं हवेत उतरतं. झाकलेल्या पातेल्यात काय शिजतंय ते वाफेच्या वासावरून कळतं, तसंच. साधारण २१०० मिलिलिटर श्वासात जेवढं अल्कोहोल सापडतं तेवढं १ मिलिलिटर रक्तात असतं, असं धरून मशीन आकडा देतं. अर्थात हा अंदाज आहे. नुकतंच तोंड धुवायचं अल्कोहोलवालं औषध वापरलं असेल तर आकडा खोटा चढू शकतो. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकू द्या म्हणावं, आणि नळी आपल्यासमोर बदलून घ्यावी.

मशीनवर विश्वास नसेल तर रक्ततपासणी आहे. कायद्यात २०१९ पासून ‘प्रयोगशाळेतील चाचणीसह इतर कोणतीही चाचणी’ असे शब्दच आले आहेत. १८५ खाली अटक झाली तर दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर माणसाला सोडावं लागतं. हा आरोपीच्या बाजूचा नियम आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. इथे वेळ का महत्त्वाची ते वरच्या गणितात आलंच: तासाला १५.

फुंकायला नकार दिला तर? पोलिसाला संशय असेल तर तो वॉरंटशिवाय अटक करू शकतो. आणि योग्य कारणाशिवाय दिलेला नकार, कलम २०५ प्रमाणे, सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी बाब धरता येतो. तेवढ्यावर माणूस दोषी ठरत नाही, पण ‘मी फुंकलोच नाही, आता काय सिद्ध करणार’ हे गल्लीतलं शहाणपण कोर्टात उलट अंगावर येतं.

आणखी एक. कायद्यात ‘चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना’ असे शब्द आहेत. बारच्या दारात किल्ली फिरवून गाडी सुरू करणाऱ्याला ‘अजून निघालोच कुठे’ म्हणता येत नाही.

कोर्ट नाक्यावरची सकाळ

तारखेला मी शेजाऱ्याबरोबर गेलो. वकील नको म्हणाला, ‘कबूलच करायचंय ना!’ दंडाधिकाऱ्यांच्या दालनाबाहेरच्या बाकावर त्या दिवशी असेच पाच-सहा जण होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक गृहस्थ फोनवर ‘क्लायंट मीटिंगमध्ये आहे’ सांगत होता. कोपऱ्यात डिलिव्हरीचा टी-शर्ट घातलेला विशीतला पोरगा. त्याच्या हातात मशीनमधून निघालेली ती चिठ्ठी होती, जुन्या एसटीच्या तिकिटाएवढी. घडी घालून घालून तिच्यावरचा आकडा पुसट झाला होता.

पुकारा झाला की माणूस आत जातो. आरोप मराठीत वाचून दाखवला जातो. ‘गुन्हा कबूल आहे का?’ बहुतेक जण इथे मान हलवतात. ही मान हलवणं किती महागात पडू शकतं, ते त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. कबुली दिली की नंतर वरच्या कोर्टात फक्त शिक्षा जास्त किंवा बेकायदा आहे एवढंच म्हणता येतं. ‘मी प्यायलोच नव्हतो’ हे अपिलात म्हणायची वाट तिथेच बंद होते. मशीनबद्दल खरीच शंका असेल, रक्ततपासणी झालीच नसेल, तर वकिलाशी एकदा बोलून घ्यावं. खिसा रिकामा असेल तर मोफत वकील मिळवून देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

सगळा खेळ ‘किंवा’ या शब्दाचा

पहिल्या गुन्ह्याला शिक्षा अशी लिहिली आहे: ६ महिन्यांपर्यंत कैद, *किंवा* १०,००० रुपये दंड, *किंवा* दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद, *किंवा* १५,००० रुपये, *किंवा* दोन्ही. पूर्वी तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला तरच ‘दुसरा गुन्हा’ धरत. २०१९ मध्ये ती अट गेली. २०२० ची चूक २०३० मध्येही मोजली जाईल.

नीट बघा: कैदेला ‘पर्यंत’ आहे, दंडाला नाही. कैद एक दिवसाची असू शकते किंवा सहा महिन्यांची, ते न्यायाधीश ठरवणार. दंड मात्र दहा हजार म्हणजे दहा हजारच. पूर्वी तो दोन हजार‘पर्यंत’ होता, तेव्हा कोर्टाला परिस्थिती बघून कमी करता यायचा.

मग न्यायाधीश कैद आणि दंड यांतून कशी निवड करतात? आकडा ३५ आहे की २००, गाडीत आणखी कोण होतं, रस्त्यावर कसा वागला, आधीची नोंद आहे का, हे सगळं बघून. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं होतं की पहिल्या गुन्ह्यातही पोलिसांनी कैदेची मागणी करावी. मागणी करणं पोलिसांकडे, देणं कोर्टाकडे. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणून एक जुनी पद्धत वापरली जाते: ‘न्यायालय उठेपर्यंत कैद’. म्हणजे त्या दिवशीचं कामकाज संपेपर्यंत कोर्टातच बसून राहायचं. शेजाऱ्याला दंडासोबत तीच मिळाली. संध्याकाळपर्यंत बाकावर बसला, पाण्याची बाटली संपली, पंखा बंद होता. बाहेर येऊन म्हणाला, ‘हे काय, नुसतं बसवून ठेवलं.’ मी म्हटलं, बाबा, कागदावर ही कैदेची शिक्षा आहे.

‘सगळ्यांनाच महिनाभर आत टाका, सरळ होतील,’ असं म्हणणारे बरेच भेटतात. रागाने म्हणायला ठीक. पण ठाण्याचा मध्यवर्ती कारागृह आधीच क्षमतेपेक्षा जास्त भरलेला असतो. शिवाय माणूस घाबरतो तो शिक्षा किती मोठी आहे त्यापेक्षा पकडले जाण्याची शक्यता किती आहे याला, असं माझं मत आहे. थर्टी फर्स्टला पाम बीच रोडवर नाकाबंदी असते हे नवी मुंबईत सगळ्यांना पाठ आहे. ती फेब्रुवारीतल्या कुठल्याशा मंगळवारीही असू शकते, याची खात्री पटली तर निम्मे लोक आपण होऊन रिक्षा पकडतील.

खरी शिक्षा पाकिटात असते

दहा हजारांच्या चर्चेत लायसन्सचा विषय कोणी काढत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम २० सांगतं: १८५ मध्ये दोषी ठरलेल्या माणसाला कोर्टाने किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवायचं आहे. इथे ‘करू शकेल’ नाही, ‘करील’ आहे. पुन्हा १८५ मध्येच दोषी ठरला तर कलम २२ प्रमाणे लायसन्स रद्द. शिवाय पोलिसांनी जप्त केलेलं लायसन्स आरटीओकडे जातं आणि तेही आपल्या अधिकारात ते निलंबित करू शकतात.

या काळात गाडी चालवली तर तो आणखी एक गुन्हा. अपघात झालाच तर विम्याचा घोळ निराळा: नशेत असताना झालेलं स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून द्यायला विमा कंपनी बांधील नसते, पॉलिसीच्या अटींतच तसं लिहिलेलं असतं.

गाडी चालवली नाही म्हणून सगळेच सुटतात असंही नाही. पिलेल्या मित्राच्या हातात जाणूनबुजून किल्ली देणाऱ्याला, ‘चल रे, काही होत नाही’ म्हणत चिथावणाऱ्याला कलम १८८ प्रमाणे तीच शिक्षा होऊ शकते. आणि किल्ली अल्पवयीन मुलाच्या हातात दिली असेल तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड.

कुणाला धडक बसली तर?

इथून पुढे सगळं बदलतं. तोच माणूस, तेवढीच दारू, तोच रस्ता. कोणी आडवं आलं नाही तर दहा हजार. कोणी मेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता पुढे येते आणि तिच्यात दोन दारं आहेत.

पहिलं दार कलम १०६: निष्काळजीपणाने मृत्यू. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. जुन्या दंड संहितेत ही दोनच वर्षं होती. हा गुन्हा जामीनपात्र आहे. दुसरं दार कलम १०५: सदोष मनुष्यवध, सोप्या भाषेत ‘खून नाही, पण खुनाच्या जवळचं’. आपल्या कृत्याने कुणी मरू शकतं याची जाणीव असताना ते केलं, तर दहा वर्षांपर्यंत. हा अजामीनपात्र आहे आणि खटला सत्र न्यायालयात चालतो.

फरक ‘जाणीव’ या एका शब्दाचा. स्टोव्हवर दूध ठेवून विसरलात आणि आग लागली, तो निष्काळजीपणा. शेजारी गॅसचा वास येतोय हे माहीत असताना काडी ओढली, ती जाणीव.

यावर महाराष्ट्रातलाच निकाल आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालक प्यायलेला होता. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरला आणि सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने जाणीव धरली आणि तीन वर्षं दिली. जानेवारी २०१२ मध्ये ‘अ‍ॅलिस्टर परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती तीन वर्षं कायम केली, आणि वर म्हटलं की ही शिक्षा फारच तोकडी आहे, पण राज्याने वाढवून मागितलेलीच नाही तर आम्ही काय करणार. राज्य सरकार अपिलात गेलं नाही, तर सर्वोच्च न्यायालयाचेही हात बांधलेले असतात. शिक्षा कमी झाली की आपण न्यायाधीशाला शिव्या देतो. सरकारी वकिलाने काय मागितलं होतं, हे क्वचितच विचारतो.

‘मग निबंध लिहून कसे सुटतात?’

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि अल्पवयीन आरोपीला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, यावर सगळीकडे संताप उसळला. संताप रास्त होता. पण निबंध ही शिक्षा नव्हती, ती जामिनाची अट होती. जामीन म्हणजे ‘खटला होईपर्यंत बाहेर राहा, बोलावलं की ये’. आरोप सिद्ध झाला की नाही, हा प्रश्न तेव्हा आलेलाच नसतो. बातमीत ‘सुटका’ हा शब्द दिसला की आधी बघावं: जामिनावर, की निर्दोष? त्या प्रकरणात रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला. नमुन्यावर सगळी केस उभी असते, त्यामुळे माझ्या मते निबंधापेक्षा तो आरोप कितीतरी जास्त गंभीर आहे.

दहा हजार सगळ्यांना सारखेच?

या आक्षेपाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, कारण आक्षेप बरोबर आहे. फिनलंडमध्ये असे काही दंड माणसाच्या रोजच्या कमाईवर ठरतात. आपल्याकडे पांढऱ्या शर्टवाल्याला आणि डिलिव्हरीवाल्या पोराला आकडा एकच. पहिल्याचं ते एका शनिवारचं बिल असेल. दुसऱ्याचा अर्धा महिना जातो, आणि दंड भरला नाही तर त्याबदली कैद भोगावी लागते.

त्या दिवशी पोराने पैसे आणले होते, कुणाकुणाकडून गोळा केलेले असावेत, कारण नोटा पाचशेच्या कमी आणि शंभराच्या जास्त होत्या. कारकुनाने दोनदा मोजल्या, पावती दिली. तो पावती न बघताच म्हणाला, “साहेब, लायसन?”

“सहा महिने.”

“नाही, ते ठीक आहे. पण गाडी कधीपासून चालवू?”

कारकुनाने चष्मा वर केला आणि पुन्हा तेच सांगितलं, या वेळी तारखेसह.